रविवारवर गेलेला रोजा

जबलपुरात बिरड्याचा रोजा एलोजी बापूजी कुर्डुसकरांइतका कडक आजवर कोणी पाळला नव्हता, आणि पुढेही कोणी पाळील अशी चिन्हं नव्हती. हे मत शहरातल्या समस्त बेने इस्राएल समाजाचं होतं. समस्त समाज म्हणजे चार घरं. आणि हे मत पहिल्यांदा मांडलं होतं ते खुद्द एलोजींनी.

यरुशलेमचं मंदिर दोनदा पडलं. दोन्ही खेपेला आब महिन्याच्या नवव्या तारखेला. म्हणून त्या दिवशी जगातले सगळे यहुदी आदल्या सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी चांदण्या निघेपर्यंत अन्नाला आणि पाण्याला शिवत नाहीत, चामड्याचा जोडा घालत नाहीत आणि जमिनीवर बसून रडतात. कोकणातून आलेल्या यहुद्यांनी, म्हणजे बेने इस्राएलांनी, यात एका गोष्टीची भर घातली. ते संध्याकाळी केळीच्या पानावर वालाचं बिरडं वाढून रोजा सोडतात, आणि रोजाला नावही बिरड्याचंच देतात. त्यामुळे दुःख कमी झालं नाही, पण दिवसभर सोबतीला वाट पाहण्यासारखं काहीतरी मिळालं.

एलोजी बावीस वर्षं सरकारी कारखान्याच्या गुदामात होते. रोजाच्या दिवशी ते कधी रजा घेत नसत. "माझं दुःख माझ्यापाशी, सरकारचं काम सरकारपाशी," असं म्हणून उपाशीपोटी, पायात कापडी जोडा घालून रांझीच्या वाटेनं सायकल हाणत जायचे आणि संध्याकाळी सुकलेल्या ओठांनी परतायचे. चार घरांतले लोक पोरांना सांगत, बघा, याला म्हणतात रोजा. रोजा रविवारी आला तरी एलोजींना गुदामाची कुलुपं तपासायला जावंच लागे.

गुदामात मागल्या बाजूला लाकडी खोक्यांची रास होती. तिच्याआड दुपारी एक वाजता एलोजी चहा आणि चार टोस्ट घेत. पहिल्या वर्षी घेतले ते चक्कर आली म्हणून. दुसऱ्या वर्षी चक्कर येऊ नये म्हणून. तिसऱ्या वर्षापासून कारण विचारणारं कोणी नव्हतं. ओठ सुकवण्याची कला मात्र त्यांनी मनापासून कमावली होती.

गेल्या डिसेंबरात ते पेन्शनीत निघाले आणि मदन महालच्या टेकडीखाली बांधलेल्या तीन खोल्यांत राहायला आले. घर हवेशीर होतं. कुठूनही कुठलंही दिसत होतं. जून महिन्यात एका सकाळी त्यांच्या ध्यानात आलं की या घरात एकही खोका नाही, आणि तेव्हापासून त्यांना स्वस्थ बसवेना.

त्यात हे साल १९३४. मुंबईहून छापून येणाऱ्या यहुदी पंचांगात आबची नववी तारीख शनिवारी पडली होती. शनिवार म्हणजे शब्बाथ, विसाव्याचा पवित्र वार, आणि शब्बाथला शोक करायची परवानगी नाही. मंदिर पडलं असलं तरी नाही. अशा वर्षी रोजा एक दिवस पुढे जातो. शनिवारी दुपारी मटण खा, द्राक्षाचा रस प्या, राजासारखं जेवा, आणि सूर्य मावळला की जमिनीवर बसा. मग रविवारी संध्याकाळपर्यंत सगळं बंद.

"रविवारी सगळी चारही घरं आपल्याकडेच बसतील," शेगुलाबाई म्हणाल्या. त्या एलोजींच्या बायको. "म्हटलं, आता तुम्ही घरीच आहात, तर लोकांना पण बघू दे रोजा कसा करतात."

"दिवसभर?"

"मग काय अर्धा दिवस?"

एलोजी उठले आणि अंगणात जाऊन आले. मग परत उठले आणि परत जाऊन आले.

याच सुमाराला देवानं त्यांच्याकडे लक्ष दिलं. निदान एलोजींना तसं वाटलं. रोजाच्या बरोबर आठ दिवस आधी, शनिवारी चौदा जुलैला संध्याकाळी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली त्यांची लेक हन्ना बाळंत झाली. मुलगा झाला. आतून रडण्याचा आवाज आला तेव्हा एलोजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजून एकोणपन्नास मिनिटं. गुदामात बावीस वर्षं काढलेल्या माणसाची ही सवय होती. आलेल्या मालाची वेळ टिपल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मग त्यांनी पंचांग उघडलं. त्या दिवशीचा सूर्यास्त सहा एकेचाळीस.

यहुदी दिवस सूर्यास्ताला बदलतो. म्हणजे पोरगा शनिवार संपल्यावर आठ मिनिटांनी झाला. मुलाची सुंता, म्हणजे त्याचा देवाशी होणारा करार, आठव्या दिवशी करायची असते, तेव्हा ती पुढच्या रविवारी. ऐन रोजाच्या दिवशी.

जावई रूबेन जबलपुरातच रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरीला होता. त्यानं त्याच रात्री मुंबईला सुंता करणाऱ्या मोहेलना पत्र टाकलं. गुरुवारी सकाळी उत्तराचं कार्ड आलं. मोहेल दानियेल आवासकरांनी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की मूल सूर्यास्त आणि चांदण्या यांच्या मधल्या वेळेत झालं म्हणजे ते शनिवारचं की रविवारचं हा संशय आहे, आणि संशयातली सुंता शब्बाथला होत नाही, रविवारीच होते. मी शुक्रवारी दुपारच्या गाडीनं पोचतो. खाली ताजा कलम होता: "रोजा शब्बाथमुळे पुढे ढकललेला असल्याने मुलाचा बाप, मोहेल आणि मूल मांडीवर घेऊन बसणारा सांदाक या तिघांचा तो सणाचा दिवस समजावा. त्यांनी दुपारची प्रार्थना लवकर करून जेवण्यास हरकत नाही."

हे कार्ड एलोजींनी अकरा वेळा वाचलं.

"बाबा, सांदाक कोणाला करायचं?" रूबेननं विचारलं. त्याचे वडील त्याच्या लहानपणीच गेले होते. "आपल्या चार घरांत पेणकरकाका वयानं मोठे आहेत—"

"पेणकरांचे गुडघे थरथरतात," एलोजी म्हणाले. "सुंतेच्या वेळी गुडघे थरथरणं बरं नाही. कोणासाठीच."

असा तो प्रश्न सुटला. त्या दिवशी एलोजी महिन्याभरात पहिल्यांदा दुपारी झोपले.

सायंकाळी विष्णुपंत आले. विष्णुपंत शेजारचे, शाळेत गणित शिकवायचे. त्यांचे खापरपणजे भोसल्यांच्या चाकरीत इकडे आले ते इकडलेच झाले. ज्योतिष हा त्यांचा फावल्या वेळेचा धंदा, आणि शाळेला सुट्या फार.

"घ्या भैया," त्यांनी हळदीकुंकवाची बोटं लावलेली एक गुंडाळी पुढे केली. "पोराची कुंडली. तुमच्यात पाहत नाहीत हे मले मालूम आहे. पण शेजारधर्म म्हणून करून राहिलो. गुरु जबरदस्त आहे, अच्छा? फक्त पोट सांभाळा म्हणावं. पोट नाजूक, आजोबासारखं."

"आजोबाचं पोट नाजूक आहे हे कुठल्या ग्रहावरून कळलं?"

"ग्रहावरून नाही, गुदामातल्या चायवाल्यावरून. तो माझ्या वर्गातल्या पोराचा बाप." विष्णुपंत हसले. "काहून घाबरता? मी कोणाला सांगतो का?"

एलोजींनी विषय बदलायचा म्हणून गुंडाळी उलगडली. वरच्याच ओळीत लाल शाईनं लिहिलं होतं: जन्म शनिवारी, सूर्यास्तापूर्वी दहा मिनिटे.

"हे चुकलं," एलोजी म्हणाले. "सूर्यास्तानंतर आठ मिनिटं पाहिजे."

"सहा एकोणपन्नास हीच वेळ सांगितली ना तुम्ही? मग बराबर आहे. त्या दिवशी सूर्य सहा एकोणसाठला गेला."

"आमच्या पंचांगात एकेचाळीस आहे."

"दाखवा."

विष्णुपंतांनी यहुदी पंचांग हातात घेतलं, पहिलं पान उलटलं आणि खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं: सर्व वेळा मुंबई टाइमप्रमाणे.

"मुंबईचं घड्याळ आपल्या रेल्वेच्या घड्याळाहून वेगळं चालते भैया. एकोणचाळीस मिनिटांनी मागं. आणि मुंबईचा सूर्यही आपल्यानंतर एकवीस मिनिटांनी मावळतो. तुम्ही लोक त्यांचं घड्याळ, त्यांचा सूर्य आणून जबलपुरात बसवला. अठरा मिनिटांचा फरक. हे पंचांग किती दिवसांपासून वापरून राहिले?"

"बावीस वर्षं."

"वा!" विष्णुपंत खुशीत म्हणाले. गणिताच्या मास्तराला दुसऱ्याची जुनी चूक सापडली की जेवल्यासारखं वाटतं.

ही चूक बावीस वर्षं कोणाच्या ध्यानात आली नव्हती, याला कारण होतं. शुक्रवारी शब्बाथचे दिवे अठरा मिनिटं आधी लागत, पण ते पुण्याचंच समजतात. शब्बाथ संपताना लोक चांदण्या बघत. फक्त पावसाळ्यात चांदण्या दिसत नसत म्हणून पंचांग बघत, आणि पावसाळ्यात शब्बाथ जरा लवकर संपला तर तक्रार कोण करणार?

पण आता एलोजींना तक्रार होती. पोरगा सूर्यास्तापूर्वी झाला, म्हणजे संशय वगैरे काही नाही, तो शनिवारचाच. म्हणजे सुंता शनिवारी. आठव्या दिवसाची सुंता शब्बाथलाही अडत नाही. शनिवारी सुंता, शनिवारी मटण, आणि रविवारी कोणालाच कसलीही सूट नाही. दिवसभर, सगळ्यांच्या समोर.

"विष्णुपंत," एलोजी म्हणाले, "ही कुंडली कोणाला दाखवली?"

"अजून तर नाही."

"मग नका दाखवू. आमच्यात दृष्ट लागते."

त्यांनी गुंडाळी ट्रंकेच्या तळाशी घातली, वर दोन चादरी ठेवल्या, आणि मग उगाच ट्रंक उघडून चादरी दोनदा सारख्या केल्या. कुंडली काही हलत नव्हती. एलोजीच हलत होते.

शुक्रवारी दुपारी मोहेल दानियेल आले. जाडजूड, घामेजलेला, प्रसन्न माणूस. एका हाती चामड्याची पेटी, दुसऱ्या हाती खजुराचा पुडा. आल्या आल्या त्यांनी बाळ पाहिलं, बाळाच्या नाकावरून बाळाच्या आईला चिडवलं, आणि विचारलं, "जन्माची वेळ नक्की?"

"घड्याळात पाहिली मी स्वतः," एलोजी म्हणाले. यातला प्रत्येक शब्द खरा होता.

"आणि सूर्यास्त?"

"पंचांगात पाहिला." हाही.

"मग रविवार. झकास. एलोजीभाऊ, तुमच्याबद्दल रूबेननं लिहिलं होतं. बावीस वर्षं ड्यूटी करून रोजा! मला तर दुपारी बारानंतर भिंती फिरताना दिसतात."

"सवयीची गोष्ट आहे," एलोजी म्हणाले.

संध्याकाळी चार घरांतले पुरुष जमले. शेगुलाबाईंनी दिवे लावले. हिंदुस्थानातले यहुदी यरुशलेमकडे, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून प्रार्थना करतात, आणि एलोजींच्या घराच्या पश्चिमेला मोठी खिडकी होती. आठवडाभर आभाळ गच्च होतं. पण त्या दिवशी, मोहेल गोड आवाजात शब्बाथचं स्वागत गात असताना, टेकडीवरचे ढग फाटले आणि सूर्य खिडकीत येऊन उभा राहिला. एलोजींनी घड्याळाकडे पाहिलं. सहा सत्तेचाळीस. पंचांगाप्रमाणे हा सूर्य मावळून सात मिनिटं झाली होती.

तो तसा निर्लज्जपणे लालबुंद उभा होता. प्रकाश सगळ्यांच्या पुस्तकांवर पडला होता, पेणकरकाकांच्या टकलावर पडला होता. मोहेलचे डोळे मिटलेले होते. एलोजी पुस्तक छातीशी धरून, ओठ हलवत, पाय न वाजवता खिडकीपाशी गेले आणि त्यांनी दोन्ही दारं लावून घेतली. प्रार्थनेच्या मधेच जागा सोडायची नसते. सगळ्यांना वाटलं, भक्तीच्या भरात चालले.

"खिडकी का लावली हो?" नंतर शेगुलाबाई म्हणाल्या. "गुदमरायला झालं."

"डास."

"उन्हात डास?"

एलोजी तिथून निघाले. ते ओसरीवर येरझारा घालू लागले. रूबेन हळूच मोहेलना म्हणाला, "रोजा जवळ आला की त्यांचं असं होतं. मंदिर मनाला लागतं त्यांच्या."

मग विष्णुपंत आले, मुंबईच्या पाहुण्याला भेटायला. एलोजी त्यांच्या आणि मोहेलच्या मधे बसले. विष्णुपंत म्हणाले, आमच्यातही उपवासाच्या तारखेचा हा घोळ आहेच, एकादशी कधी कधी दोन दोन येतात, स्मार्तांची आज तर भागवतांची उद्या. मोहेलनी विचारलं, मग तुम्ही कोणती करता? "मी दोन्ही धरतो, आणि मधल्या रात्री दोन्हीचं मिळून जेवतो." मोहेल मांडीवर थाप मारून हसले. दोघांचं जमतंय हे पाहून एलोजींनी खजुराचा पुडा जवळ ओढला.

"पोराचा गुरु फार बलवान आहे बरं का मोहेलजी," विष्णुपंत म्हणाले. "आणि जन्म तर असा—"

"विष्णुपंत, खजूर घ्या."

"घेतो. जन्म असा की—"

"दोन घ्या."

विष्णुपंतांनी दोन घेतले आणि एलोजींकडे बराच वेळ पाहिलं. मग दोन्ही एकदम तोंडात टाकले.

शनिवार उजाडला. पोरगा आठ दिवसांचा झाला होता, आणि ही गोष्ट जगात फक्त दोन माणसांना ठाऊक होती. त्यातल्या एकाला तिचा अर्थ कळत नव्हता. सकाळभर एलोजी पाळण्यापाशी जात आणि परत येत. पोरगा मुठी वळून झोपला होता. आजोबाच्या पोटासाठी आपला देवाशी व्हायचा करार एक दिवस लांबतो आहे, याचं त्याला काही नव्हतं. एलोजींना होतं. त्यांना ते बोचत होतं, आणि जिथे बोचत होतं त्याच्या जरा खाली रविवारची भूक आतापासूनच हात पसरून बसली होती.

दुपारी पानं मांडली. मटण, नारळाच्या दुधातला भात, बटाट्याची भाजी. मोहेल म्हणाले, "पोटभर जेवा, आज दुःखाला परवानगी नाही." एलोजी दोन दिवसांचं जेवले. तिसऱ्या वाढपाला त्यांच्यानं राहवेना.

"मोहेलसाहेब," ते म्हणाले, "समजा, एखादं मूल दिवस असतानाच झालं. आणि घरच्यांना वाटलं, दिवस मावळल्यावर झालं. मग?"

"मग काय? सुंता एक दिवस उशिरा झाली. होते, बाद होत नाही. न कळत झालं तर पाप कोणाला लागत नाही."

"आणि घरातल्या एकाला कळलं असेल तर?"

मोहेलनी हाड चोखायचं थांबवलं. "कळलं आणि गप्प बसला? असं कोणी करील कशाला? काय फायदा त्यात?"

"फायदा... तसा काही नाही."

"कोणाच्या घरी झालं हे?"

रूबेन बघत होता. पेणकरकाका बघत होते. आतून पोरगा रडला. एलोजींनी तोंड उघडलं.

"कटनीला," ते म्हणाले. "एक ओळखीचा आहे."

"त्या कटनीवाल्याला म्हणावं, अजून आठवा दिवस असेल तर आजच उरकून घे. शब्बाथ असला तरी." आणि मोहेलनी भात मागून घेतला.

एलोजींनी त्या कटनीवाल्याला दुपारभर खूप समजावलं. तो ऐकेना. बघता बघता दिवस मावळला, जोडे निघाले, सतरंज्या उचलल्या गेल्या, आणि एका मेणबत्तीच्या उजेडात जमिनीवर बसून मोहेल विलापगीतं म्हणू लागले. नगरी कशी एकटी बसली आहे, असं त्यात सुरुवातीलाच आहे. एलोजींना रडू आलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा ते खरं होतं, पण कोणाला फरक जाणवला नाही.

रविवारी दुपारी बारा वाजता सुंता झाली. एलियाहू हन्नाबीची, म्हणजे दर सुंतेला येणाऱ्या एलिया संदेष्ट्याची, खुर्ची शेजारी रिकामी मांडली होती, आणि एलोजी मांडीवर उशी, उशीवर नातू घेऊन बसले. त्यांचे गुडघे थरथरत होते. पेणकरकाकांनी ते पाहिलं. मोहेलचा हात मात्र सफाईचा होता. पोरगा किंचाळला, मग बोटावरचा द्राक्षरस चोखून गप्प झाला. त्याचं नाव बापूजी ठेवलं, आजोबाच्या वडिलांचं. लगेच दुपारची प्रार्थना उरकली. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजला, आणि एलोजींच्या पोटात बावीस वर्षांच्या सवयीनं घंटा झाली.

शेगुलाबाईंनी बाळंतिणीसाठी केलेल्या मऊ भाताची, तुपाची आणि भाजलेल्या पापडांची तीन पानं मांडली. बाप, मोहेल, सांदाक. सगळा समाज भिंतीला टेकून बघत होता.

"बसा एलोजीभाऊ," मोहेल म्हणाले.

आता इथे एलोजींनी जे केलं ते करायला नको होतं. पण लौकिक असलेल्या माणसाला एकदम पानावर बसता येत नाही. निदान एकदा नको म्हणावं लागतं, दोनदा आग्रह व्हावा लागतो, मग नाइलाजानं बसायचं असतं. एलोजींनी डोळे मिटले आणि हात छातीवर ठेवला.

"तुम्ही घ्या," ते खोल आवाजात म्हणाले. "बावीस वर्षांत मी कधी—"

"नियम आहे, एलोजीभाऊ. तुमचा सण आहे आज."

"मंदिर पडलं त्या दिवशी कसला सण, मोहेलसाहेब?"

हे वाक्य फार चांगलं झालं. एलोजी दुसऱ्या आग्रहाची वाट पाहत एक डोळा किलकिला करून उभे राहिले.

"बाबांना आग्रह करू नका," रूबेन म्हणाला. "त्यांना त्रास होतो."

"खरं आहे," मोहेल म्हणाले. "मुभा आहे, सक्ती नाही. एवढी निष्ठा मी मुंबईतही पाहिली नाही. शेगुलावहिनी, ते पान उचला. की राहू दे, वाया जायला नको." आणि त्यांनी एलोजींचं पान आपल्याकडे ओढून घेतलं.

पेणकरकाका पुढे आले आणि एलोजींचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवत राहिले. पापड मोडल्याचा आवाज येत होता.

दुपार सरकता सरकेना. बायका गोल करून मोड आलेले वाल सोलत बसल्या. सालं एका परातीत, पांढरे दाणे दुसऱ्या परातीत. एलोजी ओसरीवर, मग अंगणात, मग विहिरीपाशी, मग परत ओसरीवर. तीन वाजता शेगुलाबाई हात धुवायला म्हणून त्यांच्यामागे आल्या.

"मागच्या खोलीत, पिठाच्या डब्यामागं टोस्ट आहेत," त्या हळूच म्हणाल्या.

"कसले टोस्ट?"

"चार."

एलोजींनी मागं वळून ओसरीवर कोणी आहे का ते पाहिलं.

"दिवसभर उपाशी राहिलेला माणूस बिरडं मागून मागून खातो," शेगुलाबाई म्हणाल्या. "तुम्ही दरवर्षी एक वाटी खाऊन उठत होता. जा आता, मी इथं उभी आहे."

एलोजी रागावले नाहीत. तेवढा वेळ नव्हता. ते मागच्या खोलीकडे गेले आणि त्यांनी दार ढकललं. आत दोन पानांचं जेवलेले मोहेल दानियेल पिठाच्या डब्याला डोकं लावून झोपले होते. दार वाजताच त्यांनी एक डोळा उघडला.

"काय एलोजीभाऊ? काही पाहिजे?"

"छे. तुम्हाला उशी पाहिजे का विचारायला आलो."

"किती करता हो लोकांसाठी," मोहेल म्हणाले आणि कुशीवर वळले.

मोहेल साडेसहापर्यंत झोपले.

अशा रीतीनं एलोजी कुर्डुसकरांनी अठ्ठावन्नाव्या वर्षी बावीस वर्षांतला पहिला पुरा रोजा केला. चार वाजता त्यांना चक्कर आली. पाच वाजता गेली. सहा वाजता एक विचित्र गोष्ट झाली: येरझारा थांबल्या. ते भिंतीला टेकून शांत बसले, आणि त्यांना वाटलं, हे जमतंय की. हे खरंच जमतंय. ओठ आपोआप सुकले होते, काही करावं लागलं नव्हतं. आज रात्री मोहेलना सगळं सांगून टाकायचं, असंही त्यांनी ठरवलं. पोटात काही नसलं की माणसाला सत्याची भीती वाटत नाही, असा एक मोठा विचार त्यांना सुचला, पण तो सांगायला अंगात त्राण नव्हतं.

केळीची पानं मांडली गेली. विष्णुपंतांनाही बोलावलं होतं. ते एलोजींच्या शेजारी मांडी घालून बसले. आभाळ परत गच्च भरलं होतं, चांदणी काय, टेकडीही दिसत नव्हती. रूबेन हातात पंचांग घेऊन घड्याळासमोर उभा होता. नारळाच्या रसातल्या बिरड्याचा, आमसुलाचा वास खोलीभर झाला.

"सात वाजून पाच," रूबेननं जाहीर केलं. "रोजा सुटला."

तेवीस माणसं एकदम पानावर वाकली.

"अरे, एवढ्यात?" विष्णुपंत एलोजींच्या कानाशी लागले. "सूर्य आत्ता तर गेला भैया. चांदण्या निघायला टाइम आहे. तुमच्यात चालते असं?"

एलोजींचा घास हातात होता. वालाचे दाणे टपोरे शिजले होते, रस बोटांवरून मनगटाकडे ओघळत होता. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाळण्याकडे पाहिलं. समोरून मोहेल भरल्या तोंडानं ओरडले, "एलोजीभाऊ, त्या कटनीवाल्यानं काय केलं शेवटी?"

"काही नाही," एलोजी म्हणाले आणि घास तोंडात घातला.

रोजा सुटायला अजून अठरा मिनिटं होती.